मोडक्या खुर्चीचा नंदी आणि गावाचा बोजारा

दिवाळीआधी घराची सारवण निघाली, किंवा उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणसे छपरावर चढली, की माळ्यावरचे जुने सामान खाली येते. तीन पायांची खुर्ची, सुंभ तुटलेली बाज, आजोबांच्या वेळची झाकण नसलेली पेटी, एका बाजूने उललेला पाट, पाळण्याच्या दोन पट्ट्या. चार दिवस ते सांदवाडीत पडून राहते. मग त्याला तीनच वाटा असतात. चूल, भंगारवाला किंवा वाळवी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत या सामानातले बरेचसे लाकूड सागाचे असते. बल्लारपूर आणि आल्लापल्लीच्या सागाला देशभर मान आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच भागातला साग वाजतगाजत रवाना झाला. त्याच जातीचे, चाळीस-पन्नास वर्षे घरात मुरलेले लाकूड आपण भंगारवाल्याला मूठभर पैशांत देऊन टाकतो. या लेखात चौथ्या वाटेचा विचार करायचा आहे. मोडक्या सामानाचे शिल्प करावे, गावासमोर त्याची बोली लावावी आणि आलेला पैसा गावातल्या एखाद्या नडलेल्या कामाला द्यावा.

हे शहरी लोकांचे खूळ वाटेल. परदेशातल्या शहरांत असे लिलाव होतात हे खरे आहे. जुन्या खुर्च्या कलावंतांना देतात, ते त्यांचे रूप पालटतात आणि विक्रीचा पैसा इस्पितळाला किंवा अनाथालयाला जातो. पण आपल्या विदर्भाला ही गोष्ट नवी नाही.

तान्हा पोळा आठवा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडाचे नंदी सजवून तोरणाखाली आणतात. कोणाचा नंदी हातभर, तर कोणाचा चाकांवर ओढावा लागतो एवढा. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात तर पुरुषभर उंचीचे नंदी येतात. पूजा झाली, की पोरे नंदी घेऊन घरोघर जातात आणि प्रत्येक घर त्यांच्या हातावर बोजारा ठेवते.

या रिवाजात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. लाकडाचे शिल्प आहे, ते पाहायला जमलेले गाव आहे आणि खुशीने दिलेला पैसा आहे. आता एवढेच करायचे, की एक नंदी सगळ्या गावाचा असावा, तो मोडक्या सामानातून घडावा आणि त्याचा बोजारा गावाच्या कामी यावा. पोरांचा बोजारा पोरांनाच राहू द्यावा. त्याला हात लावू नये.

जगातली दोन उदाहरणे

मोडक्या वस्तूचा बैल होतो, हे एका फार मोठ्या कलावंताने दाखवले आहे. पिकासो हा स्पेनचा चित्रकार पॅरिसला राहत असे. १९४२ साली त्याला भंगारात सायकलची सीट आणि हँडल सापडले. त्याने सीट उभी धरली आणि तिच्यावर हँडल बसवले. सीट म्हणजे बैलाचे तोंड आणि हँडल म्हणजे शिंगे. त्यात त्याने आणखी काही घातले नाही. ‘बैलाचे डोके’ म्हणून ते शिल्प आज जगभर ओळखले जाते. आपल्या गावात जुन्या सायकली काय कमी आहेत? पण वस्तूत दडलेला आकार ओळखणारी नजर हवी.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाचे. तिथे १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध चालले. युद्ध थांबले, पण घराघरांत, शेताशिवारात लाखो बंदुका उरल्या. १९९५ साली बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी एक योजना काढली. नाव ठेवले ‘शस्त्रांची कुदळ’. बंदूक आणून द्यायची आणि बदल्यात कुदळ, नांगर, शिवणयंत्र, सायकल किंवा घर बांधायचे सामान घेऊन जायचे. एका गावाने मिळून बंदुका जमा केल्या, तर त्या गावाला ट्रॅक्टर मिळाला. जमलेल्या बंदुका कापून निकामी केल्या आणि तुकडे कलावंतांच्या हाती दिले. केस्टर नावाच्या कलावंताने २००१ साली त्या तुकड्यांची एक खुर्ची घडवली. तिचे पाय, हात, पाठ, सारे बंदुकीचेच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २००२ साली ती विकत घेतली.

बंदुकीची झळ आपल्या गडचिरोलीनेही सोसली आहे. त्यामुळे ही खुर्ची काय सांगते हे आपल्या लोकांना जास्त कळेल. मात्र त्या योजनेत आपण घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. बंदूक देणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. त्याच्या हातात कामाचे अवजार पडले.

आनंदवनाचा धडा

ही गोष्ट आपल्या वरोऱ्याने त्याआधी कितीतरी वर्षे दाखवली आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभे राहिले. १९५१ साली विनोबा भावे यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढ्यावर सुरुवात झाली असे सांगतात. पुढे त्याच माणसांनी विहिरी खणल्या, धान-भाजी पिकवली, हातमाग चालवले. सतरंज्या, लाकडी व लोखंडी फर्निचर, तीनचाकी सायकली, शुभेच्छापत्रे असा माल तिथून बाहेर पडू लागला. बोटे झडलेल्या हातांनी केलेली खुर्ची लोकांनी विकत घेतली ती चांगली होती म्हणून. दयेपोटी घेतली असती, तर एकदाच घेतली असती.

बाबांचे म्हणणे थोडक्यात असे, की भीक माणसाला खाली आणते आणि काम त्याला उभे करते. टाकाऊ मालाकडेही आनंदवनाने याच नजरेने पाहिले. डॉ. विकास आमटे यांनी जुन्या टायरांचे बंधारे बांधून दाखवले.

आपल्या गावच्या शिल्पालाही हाच नियम लावायचा. शिल्प असे व्हावे, की घेणाऱ्याला ते घरात ठेवावेसे वाटेल. आणि ते घडवणाऱ्या सुताराला त्याची पूर्ण मजुरी मिळावी.

लाकूड पारखताना

आता कामाचे बोलू. पहिली पारख आवाजाची. लाकडावर हातोडीने हलके ठोकावे. खणखणीत वाजले तर आत भरीव आहे, भदभदीत वाजले तर वाळवीने पोखरले आहे. दुसरी पारख भोकांची. बारीक भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल, तर भुंगा अजून जिवंत आहे. असा तुकडा बाकीच्या लाकडापासून वेगळा ठेवावा आणि पोखरलेला भाग कापून टाकावा.

सागाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात धरावी. सालीकडचे फिकट लाकूड किडीला लवकर बळी पडते. आतला सोनेरी-तपकिरी गाभा टिकतो. जुन्या खुर्चीचा पांढरा भाग गेला असेल, पण गाभा शाबूत असेल, तर ती टाकाऊ समजू नये. शिवणीचे लाकूड हलके व मऊ, कोरायला सोपे. बीजा आणि येन कठीण. त्यांवर हत्यार जपून चालवावे.

जुने लाकूड चांगले सुकलेले असते, म्हणून ते नव्यासारखे वाकत-उलत नाही. हा त्याचा मोठा गुण. तरी माळ्यावरून काढलेले लाकूड आठ-पंधरा दिवस हवेशीर सावलीत ठेवावे. करवत लावण्याआधी सगळे खिळे उपटावेत. एक खिळा राहिला, तर करवतीचे दात जातात आणि हातालाही इजा होते.

जुन्या रंगाची काळजी घ्यावी. पूर्वीच्या तेलरंगात शिसे असे. तो रंग कोरडा घासला, तर धूळ पोटात जाते आणि लहान मुलांच्या वाढीला व मेंदूला अपाय करते. असा रंग पाण्याने ओला करून खरवडावा, तोंडाला फडके बांधावे, खाली जुने प्लॅस्टिक पसरावे आणि मुलांना दूर ठेवावे. खरवडलेला रंग चुलीत घालू नये.

खुर्चीचा नंदी कसा होतो

आकार कागदावर काढून मग लाकूड शोधण्यापेक्षा, लाकूड समोर ठेवून त्यात काय दिसते ते पाहावे. हाताच्या खुर्चीचेच घ्या. तिचे दोन हात मुळातच वाकलेले असतात, ती शिंगे झाली. चार पाय आखूड करून पुन्हा लावले, की नंदीचे चार पाय झाले. बैठकीच्या फळ्या एकावर एक चिकटवल्या, की धड होते. पाठीची वरची गोलसर पट्टी कापून वशिंड करता येते. मोडक्या पाटातून चार चकत्या कापल्या, की चाके तयार. पायांना मुळातच कुसू असते, तेच धडात नव्याने बसवावे. खिळ्यापेक्षा हा जोड जास्त टिकतो.

सागात तेल असते. त्यामुळे जुन्या पृष्ठावर सरस किंवा फेव्हिकॉल नीट धरत नाही. दोन्ही बाजूंवर रंधा मारून ताजे लाकूड उघडे करावे आणि त्याच दिवशी चिकटवून रात्रभर आवळून ठेवावे. मोठा आकार वाकसाने काढावा, बारीक काम पटाशीने, शेवटी कानस आणि काचकागद.

नंदीच हवा असे नाही. बाजेचे चार खरादी पाय उभे केले, की चार माणसे उभी दिसतात. एकावर टोपले कोरा, एकाला पदर द्या, रोवणीच्या बाया तयार होतात. जाड पाटावर उठावाचे चित्र कोरता येते. सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्कात रानम्हशी आहेत. रुंद शिंगांची रानम्हैस वाकलेल्या लाकडातून झकास निघते. चंद्रपूरच्या कोटाच्या वेशीवर हत्तीवर स्वार झालेला सिंह आहे, तो आपल्या गोंड राजांचा मान. असे आपले आकार सोडून बाजारातली छापील चित्रे उतरवायला जाऊ नये.

मात्र एक मर्यादा पाळावी. माडिया-गोंड समाजात मृतांच्या आठवणीसाठी दगड किंवा लाकडी खांब उभारण्याची रीत आहे. त्या खांबांची नक्कल विक्रीसाठी करू नये. देवघरातली वस्तू, गोटुलातले खांब यांनाही या कामात आणू नये. ज्या वस्तूशी लोकांची श्रद्धा बांधली आहे, ती बोलीवर चढवायची नसते.

शेवटचा हात

शिल्पाला महागडे पॉलिश लागत नाही. जवसाचे तेल आपल्याच शेतातले. उकळवलेले जवसाचे तेल फडक्याने पातळ लावावे, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्यावे आणि पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्यावा. पण तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

चमक हवी असेल, तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावावी. पळस आणि कुसुमाच्या झाडांवर होणारी ही लाख आपल्याच रानातली. हे काम मात्र चुलीपासून आणि बिडीपासून दूर करावे.

मजुरी आधी, दान नंतर

या उपक्रमाची खरी कसोटी पैशांत आहे. गावाचे चांगले काम म्हटले, की सुताराला कोणी विचारत नाही. ‘गावासाठी दोन दिवस दे’ म्हणतात आणि तो भिडेपोटी नाही म्हणत नाही. त्या दोन दिवसांत त्याच्या घरची चूल कशी पेटते, हे कोणी पाहत नाही. सुताराची मजुरी बुडवून जमवलेला पैसा हे गावाचे दान नव्हे. ते एकट्या सुताराचे दान आहे आणि तेही त्याला न विचारता काढलेले.

म्हणून हिशेब आधी मांडावा. समजा, सुताराचे तीन दिवसांचे काम आहे आणि मजुरी दिवसाला ७०० रुपये ठरली. मजुरीचे २,१०० रुपये झाले. सरस, काचकागद, तेल यांचे ३०० धरा. एकूण खर्च २,४०० रुपये. बोली ५,००० रुपयांवर गेली, तर गावाच्या कामाला २,६०० रुपये उरतात. पण बोली २,००० वरच थांबली तर? ४०० रुपयांची तूट सुताराच्या माथी येऊ नये. त्यासाठी चार-पाच घरांनी मिळून २,४०० रुपये आधीच वेगळे काढावेत आणि काम संपताच सुताराला त्याचे २,१०० रुपये द्यावेत. बोलीतून ते वसूल झाले तर ठीक. नाही झाले, तर ती त्या घरांची देणगी. सुताराने आपणहून एक दिवस सोडला, तर सभेत त्याचे नाव देणगीदारांत सर्वांत आधी वाचावे.

बोलीच्या आधी पैसा कशासाठी हे नक्की सांगावे. ‘समाजकार्यासाठी’ अशा मोघम शब्दावर लोकांचा हात सैल होत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. हा आजार आई आणि वडील दोघांच्याही रक्तातून मुलाला येतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी व औषधे मिळतात, आणि २०२३ पासून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. पण दवाखान्यापर्यंत पोचायचे कसे? सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब. पोराला रक्त चढवायला न्यायचे, तर बसभाडे लागते, सोबतच्या माणसाचे जेवण लागते आणि दोन दिवसांची रोजी बुडते. औषध फुकट असूनही ते या खर्चापायी चुकते. अशा घरांच्या प्रवासासाठी गावाने एक छोटा निधी ठेवला, तर २,६०० रुपयांतही दोन-चार फेऱ्या निघतात. ज्या घराला मदत द्यायची, त्याचे नाव मात्र बोलीच्या वेळी पुकारू नये. आजारी पोराची चारचौघांत ओळख करून देऊन जमवलेला पैसा त्या घराला बोचतो.

हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा आणि फळ्यावर लिहावा. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाने हे किती चोख करता येते ते दाखवले आहे. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि बांबूचा मोठा व्यवहार ग्रामसभेने सांभाळला. तिथे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. आपला व्यवहार तर एका नंदीचा आहे.

जंगल आणि सरपण

एक सक्त सूचना. शिल्पाच्या नावाखाली रानातले ओले किंवा पडलेले लाकूड आणू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये तो गुन्हा ठरू शकतो आणि सागाच्या बाबतीत चौकशी कडक होते. जुने सामान मोडण्याआधी त्याचा एक फोटो काढून ठेवावा. शिल्प गावाबाहेर न्यायचे असेल, तर वाहतूक परवान्याबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे.

दुसरी गोष्ट मायबहिणींची. आमच्या विस्तारकार्याच्या बैठकांत बाया नेहमी म्हणतात, की जुने लाकूड घरात असले, तर तेवढे दिवस मोळीला जावे लागत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत मोळीला जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे. तेव्हा ज्या घरात सरपणाची अडचण आहे, त्या घराकडे गावाने मोडकी बाज मागू नये. ती बाज चुलीत गेली आणि त्यामुळे घरची बाई दोन दिवस रानात गेली नाही, तर त्या लाकडाचे चीजच झाले. ज्यांच्या घरी गॅस आहे आणि मोठा माळा आहे, त्यांनी आधी सामान काढावे. दुरुस्त होऊन वापरता येईल अशी खुर्ची तर शिल्पासाठी मोडूच नये. ती अंगणवाडीला द्यावी.

केव्हा काय करावे

वैशाखात कवेलू फेरताना सामान निवडावे आणि ग्रामसभेत काम ठरवावे. मृगाआधी, म्हणजे सुताराकडे नांगर-वखराच्या दुरुस्तीची गर्दी होण्यापूर्वी, कापणी-जोडणी आटोपावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून जोडकाम तेव्हा करू नये. रोवणी उरकल्यावर श्रावणात पोरांनी काचकागद मारावा. कोरडा दिवस पाहून तेलाचे दोन हात द्यावेत. तान्ह्या पोळ्याला तोरणाखाली गावाचा नंदी उभा करावा आणि पोरांची बक्षिसे वाटून झाली, की बोली लावावी. तान्ह्या पोळ्याला जमले नाही, तर दिवाळीनंतरची मंडई किंवा धान निघाल्यावरचे झाडीपट्टीचे नाटक आहेच. त्या रात्री आजूबाजूच्या गावांचीही माणसे येतात आणि बोली चढती राहते.

पहिल्या वर्षी एकच शिल्प करावे. सुताराशी बोलून मजुरी ठरवावी, निधी कोणासाठी ते सभेत लिहून घ्यावे आणि मगच माळ्याला शिडी लावावी.